मुदत संपलेली माणसं

प्रश्न पुण्यातून आला आहे. थोडक्यात असा: "आमच्या सोसायटीत तीन अफगाण विद्यार्थी भाड्याने राहतात. त्यातल्या एकाच्या वडिलांना आणि थोरल्या भावाला २०२५च्या उन्हाळ्यात तेहरानमधून उचलून सीमेपलीकडे सोडलं. वडील तिकडे बावीस वर्षं बांधकामावर होते म्हणे. इतक्या वर्षांत माणूस कागदपत्रं का करून घेत नाही? आणि कधीही हाकलतील हे माहीत असताना रोजचं आयुष्य कसं काढतो? त्या मुलाला विचारायला संकोच वाटतो."

संकोच वाटला हे चांगलं झालं. त्याच्याऐवजी मी उत्तर देते. फारसी मी हौसेने शिकले आणि पुढे तीच पोटापाण्याची झाली. आधी दिल्लीत लाजपतनगर-भोगल भागातल्या अफगाण निर्वासितांसाठी दुभाषी होते. नंतर हेरातमध्ये एका मदतसंस्थेत काम केलं. इराणातून परत पाठवलेल्या माणसांची कागदपत्रं आणि त्यांची तिकडे अडकलेली मजुरी, हा तिथला माझा विषय होता. त्यामुळे इराणबद्दल सविस्तर लिहिते, पाकिस्तानबद्दल थोडं.

तुमचा पहिला प्रश्न मीही विचारला होता, हेरातच्या पहिल्याच महिन्यात, पन्नाशीच्या एका गवंड्याला. त्याने तोंडी उत्तर दिलं नाही. कोटाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि आतले कागद एकेक करून टेबलावर मांडले. कोपरा झिजलेलं एक कार्ड. व्हिसाचा शिक्का असलेलं पासपोर्टचं पान. घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली एक पांढरी चिठ्ठी. धाकट्या मुलीचं लसीकरणाचं कार्ड. जिथे फोटो होता तिथे त्याचाच, आणि दर फोटोत केस थोडे अधिक पांढरे. लसीचं कार्ड सोडलं तर प्रत्येकाखाली एक तारीख होती आणि ती उलटून गेली होती. त्यानंतर हा प्रश्न मी कुणालाच विचारला नाही. "शेवटचा कागद कधीपर्यंतचा होता?" असं विचारू लागले.

म्हणजे पहिलं उत्तर हे की बहुतेकांनी कागद केले होते. जेव्हा जेव्हा कागद देणारी खिडकी उघडली तेव्हा ते रांगेत होते. ती खिडकी कधी उघडली आणि कधी बंद झाली हे समजून घेतल्याशिवाय त्या मुलाच्या वडिलांची गोष्ट कळणार नाही.

डिसेंबर १९७९मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि लाखो लोक पूर्वेला पाकिस्तानात, पश्चिमेला इराणात गेले. सुरुवातीच्या दशकात इराणने त्यांना मुहाजिर, म्हणजे आश्रयाला आलेले, म्हणून ठेवून घेतलं, निळी कार्डं दिली, काम आणि शाळा दोन्ही मिळाल्या. नव्वदीच्या दशकात हवा बदलली आणि परत पाठवणं सुरू झालं. २००१मध्ये तालिबानची पहिली राजवट कोसळली. त्याच वर्षी इराणने देशातल्या अफगाणांची नोंदणी केली आणि २००३पासून नोंदणी झालेल्यांना 'आमायेश' नावाचं कार्ड दिलं. या कार्डाची मेख अशी की ते मुदतीचं होतं, दर फेरीला पैसे भरून नवं करावं लागे आणि एक फेरी चुकली की माणूस यादीतून बाहेर. परवानगीशिवाय दुसऱ्या प्रांतात राहायला गेलं तरी बाहेर. आणि नंतर आलेल्यांसाठी ही यादी जवळजवळ बंदच झाली. कार्डवाल्यांची मुलं तेवढी तिच्यात जात राहिली.

आता तुमचा हिशेब लावा. बावीस वर्षं म्हणजे ते २००३च्या आसपास गेले. दार लागलं त्याच सुमाराला ते उंबऱ्यावर पोचले. त्यांच्याच गावचा एखादा चुलतभाऊ चार वर्षं आधी गेलेला असेल तर तो आजही कार्डवाला असू शकतो. दोघं एकाच इमारतीवर विटा वाहतात, एक निर्वासित आणि दुसरा बेकायदेशीर. एवढा फरक एका तारखेने पडतो.

२०१०च्या सुमाराला पुन्हा एक खिडकी उघडली. विनाकागद लोकांनी नाव नोंदवायचं, अफगाण पासपोर्ट मिळवायचा आणि त्यावर इराणचा व्हिसा घ्यायचा. काही लाख लोकांनी ते केलं. पण व्हिसा म्हणजे दरवर्षी पैसे, आणि मजुरी थकली त्या वर्षी व्हिसाही गेला. मग ऑगस्ट २०२१मध्ये तालिबान परत आले आणि माणसांचा नवा लोंढा इराणात गेला. २०२२मध्ये इराणने शिरगणती केली, विनाकागद असलेल्या सुमारे २६ लाख लोकांची नोंद झाली आणि प्रत्येकाला चिठ्ठी मिळाली, 'बर्गे-ए-सरशुमारी'. गवंड्याच्या पिशवीतली पांढरी चिठ्ठी ती हीच. पुष्कळांनी ती लॅमिनेट करून घेतली, कारण पोलिसाला दाखवायला काहीतरी मिळालं होतं. मार्च २०२५मध्ये, इराणी नववर्षाच्या सुरुवातीला, बहुतेकांच्या चिठ्ठ्यांची मुदत संपल्याचं जाहीर झालं. पुढे सांगितलं गेलं की ६ जुलैपर्यंत देश सोडा.

कागद, मुदत, मोहलत, सरहद्द, हजर, जामीन. हे सगळे शब्द दरी भाषेत, म्हणजे अफगाणांच्या फारसीत आहेत आणि आपल्या कचेरीच्या मराठीतही. हेरातमध्ये काम करताना भाषा मला कधी परकी वाटली नाही, आणि म्हणून एखादा म्हातारा "मोहलत संपली" म्हणायचा तेव्हा ते कुठलंही भाषांतर न होता थेट आत जायचं.

'बेकायदेशीर स्थलांतरित' या शब्दाशी माझं भांडण आहे ते इथे. तो शब्द ऐकला की रात्रीच्या अंधारात कुंपण ओलांडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. तसेही असतात. पण माझ्या टेबलासमोर बसलेल्यांतले कितीतरी जण रीतसर कागदावर जगत होते आणि एका सकाळी, घरी झोपेत असताना, बेकायदेशीर झाले. त्यांनी काहीही केलं नव्हतं. तारीख बदलली होती.

आता दुसरा प्रश्न, रोजचं जगणं.

आधी पैशाचं घ्या, कारण ते आपल्याला सुचणारही नाही. इराणात रोख फारशी चालत नाही. भाजी घ्या की पाव घ्या, सगळं बँकेच्या कार्डावर, आणि गिऱ्हाईक आपला गुप्त क्रमांक दुकानदाराला मोठ्याने सांगतो, ही तिथली रोजची रीत. कागद नसलेल्या माणसाला खातं नाही, म्हणून कार्ड नाही. मग तो कुणातरी इराणी ओळखीच्याचं कार्ड वापरतो. मजुरी त्या खात्यात येते आणि बोलण्यावर विश्वास ठेवून खर्च होते. मोबाइलचं सिमही असंच दुसऱ्याच्या नावावर. मालकाशी बिनसलं तर एका दिवसात फोन, पैसे आणि झोपायची जागा, तिन्ही जातात. वीस वर्षं एका शहरात राबलेल्या माणसाचं त्या शहरात स्वतःच्या नावावर काहीच नसतं.

झोपायची जागा म्हणाले ती मुद्दाम. तेहरानमध्ये इमारत उभी राहत असते तेव्हा तिथे एक 'सराइदार' असतो. रात्री सामानाची राखण करतो, दिवसा काम करतो, तळमजल्यावर विटांच्या आडोशाला राहतो. हा बहुधा अफगाण. इमारत पूर्ण झाली की फरशा पुसून तो पुढच्या इमारतीच्या खड्ड्यात जातो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते इथे शब्दशः खरं, कारण सराइदाराचं सामान एका गोणीत मावेल एवढंच असतं. गोणीत मावेना असं काही तो विकतच घेत नाही. एकटा पुरुष असेल तर या राहण्याचा फायदाही आहे: भाडं नाही आणि रस्त्यावर यावं लागत नाही. एका सराइदाराने मला सांगितलं की तेहरानमध्ये अकरा वर्षं काढली, पण शहर त्याने वरूनच पाहिलं, चढत्या मजल्यांवरून.

बाकीच्यांचं पोट वीटभट्टीवर, शेतात, चामड्याच्या आणि शिवणाच्या कारखान्यात, किंवा कचऱ्यातून प्लास्टिक-पुठ्ठा वेचण्यात. केरमानकडे पिस्ते, खोरासानात केशर. कार्डवाल्या अफगाणालाही ठरावीक कष्टाच्याच कामांची परवानगी असते. विनाकागदवाला तीच कामं करतो, फक्त कमी पैशांत आणि तक्रार न करता. ठेकेदार चार महिने काम करून घेतो, दोन महिन्यांचे पैसे देतो आणि उरलेले "पुढच्या हप्त्यात". मजूर निघून जात नाही, कारण गेला तर थकलेले पैसे बुडतील. आणि पोलिसांकडे जाऊ शकत नाही हे दोघांनाही माहीत असतं. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांपैकी सर्वांत जास्त याच प्रकारची होती. आम्ही लोकांना एकच गोष्ट परोपरीने सांगायचो: वही ठेवा. तारीख, जागा, ठेकेदाराचं नाव, किती दिवस, किती मिळाले, किती राहिले. वही असली तर सीमेपलीकडून फोनवरून, एखाद्या भल्या वकिलामार्फत, थोडीफार वसुली होऊ शकते. ज्याच्याकडे वही नसे त्याला पैसे मिळाल्याचं मी फार क्वचित पाहिलं.

रस्त्यावर चालणं हे वेगळंच कौशल्य. तेहरानी बोलीत 'नान'चं 'नून' होतं, 'खाने'चा उच्चार 'खूने' होतो. अफगाण माणूस 'नान' म्हणाला की कळलं. आपल्याकडे एखादा माणूस "कुठं चाललायसा" म्हणाला की जिल्हा कळतो, तसं. म्हणून तरुण पोरं पहिल्या सहा महिन्यांत तेहरानी उच्चार शिकतात, केस तसे कापतात, आणि टॅक्सीत शक्यतो गप्प बसतात. हजारा जमातीच्या लोकांना ही सोय नाही, त्यांचा चेहराच सांगतो. मेट्रोचं कोणतं स्थानक टाळायचं, कोणत्या चौकात दुपारी गाडी उभी असते, शुक्रवारी कोणत्या बागेत जायचं नाही, हे सगळं एकमेकांना फोनवर कळवलं जातं. शहरांमधल्या प्रवासाला बसचं तिकीट मिळत नाही. म्हणजे मशहदला बहीण मेली तरी तेहरानचा भाऊ जाईलच असं नाही.

बायकांचं जगणं या सगळ्यात झाकलेलं राहतं, कारण वृत्तपत्रांतले फोटो पुरुषांचे असतात. कुटुंब सोबत असलं तर घरातून बाहेर पडायची कामं हळूहळू बाईकडे आणि मुलांकडे येतात, कारण पोलीस पुरुषाला आधी अडवतात. पाव आणायला आठ वर्षांचा मुलगा. दवाखान्यात बाई. घरमालकाशी भाड्याची घासाघीस बाईच करते. पुरुष कामावरून ठरलेल्या वेळी आला नाही की कुणी लगेच फोन करत नाही. कारण तो पकडला गेला असेल आणि फोन वाजला, तर फोन घेणारा दुसराच असेल. एका तासाने शेजारणीच्या फोनवरून करायचा, तोही न बोलता ऐकायचा. ही शिस्त घराघरांत ठरलेली असते. मुलांना एक क्रमांक पाठ करून ठेवलेला असतो, बहुधा हेरातच्या किंवा काबूलच्या मामाचा.

आजारपणाबद्दल एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. इराणातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत बाळांचं लसीकरण होतं, कागद असो वा नसो, आणि ते खरोखर होतं. गवंड्याच्या पिशवीतलं लसीचं कार्ड म्हणून टिकलं. त्या कार्डावर मुदत नव्हती आणि हे कुटुंब अमुक वर्षी अमुक ठिकाणी होतं याचा तो एकमेव पुरावा होता. मी लोकांना सांगायचे, घराला आग लागली तर ते कार्ड आधी काढा. पण बाळंतपण, शस्त्रक्रिया, मूत्रपिंडाचा आजार, असं काही उभं राहिलं की विमा नसल्याने पूर्ण बिल. लोक दुखणं अंगावर काढतात, आणि दात तर सर्रास स्वतःच उपटतात. शाळेचंही असंच अर्धं चांगलं. २०१५मध्ये तेव्हाचे सर्वोच्च नेते खामेनेई यांनी आदेश दिला की कागद नसलेल्या अफगाण मुलांनाही शाळेत घ्या, आणि त्यामुळे लाखो मुलं शिकली. हा उपकार मी लहान मानत नाही. हेरातमध्ये मला भेटलेल्या सगळ्यात हुशार मुली त्या आदेशाने शिकलेल्या होत्या.

तिकडे माणसं आतून घाबरलेलीच असतात असं मात्र समजू नका. लग्नं होतात, वाजतगाजत होतात. मशहदच्या गोलशहर भागात अफगाण बाजार आहे, तिथे ईदच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. कवी आहेत, पैलवान आहेत. भीती ही तिथे हवामानासारखी असते. पावसाळ्यात आपण छत्री घेऊन बाहेर पडतो, रोज पावसाला घाबरत नाही. फक्त पुढचा बेत कुणी करत नाही. फ्रीज घ्यायचा की नाही, मुलीला दहावीच्या शिकवणीला घालायचं की नाही, दाताची कवळी करायची की नाही, या प्रत्येक गोष्टीत "तोवर इथे असू का?" हा प्रश्न आधी येतो. वीस वर्षं असं जगलेला माणूस सहा महिन्यांपलीकडचं बोलतच नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलं की नंतर मीही त्यांच्याशी पुढच्या वर्षाचं बोलणं सोडून दिलं.

हाकलण्याला त्यांचा शब्द आहे 'रद्द-ए-मर्ज', सीमेपार. "तो रद्द-ए-मर्ज झाला" असं कर्मणीच बोलतात, कुणी केला ते सांगत नाहीत. कामावर किंवा रस्त्यात धरतात, छावणीत नेतात. तेहरानजवळ वरामीनकडे अस्करआबादची छावणी आणि मशहदच्या बाजूला सफीदसंग, ही दोन नावं प्रत्येक अफगाण मजुराला ठाऊक असतात. तिथून बसने सीमेवर, आणि अनेकदा त्या बसचं भाडंही त्यांच्याचकडून घेतलं जातं. पूर्वी या सगळ्याला एक चक्राकार गती होती. उत्तरेच्या इस्लाम कला नाक्यावरून किंवा दक्षिणेच्या झरंजच्या पुलावरून बाहेर काढलेला तरुण काही आठवड्यांत तस्कराला पैसे देऊन, झरंजहून पाकिस्तानी बलुचिस्तानच्या वाळवंटातून, एका पिकअप गाडीत पंधरा-वीस जणांबरोबर कोंबून पुन्हा इराणात पोचायचा. तस्कराचं देणं फेडायला सहा महिने लागायचे. तीन-तीन, चार-चार वेळा 'रद्द-ए-मर्ज' झालेले लोक मी पाहिले आहेत.

२०२५चा उन्हाळा वेगळा होता. १३ ते २४ जून इराण-इस्रायल युद्ध झालं. त्यानंतर अफगाणांवर हेरगिरीचा संशय उघडपणे बोलला जाऊ लागला, आणि ६ जुलैची मुदत डोक्यावर होती. जुलैच्या सुरुवातीला काही दिवस असे गेले की एकेका दिवसात ४०,००० हून अधिक माणसं इस्लाम कलावरून आली. एकटे मजूर नव्हते ते. अख्खी कुटुंबं होती. हेरातच्या बाजूला उन्हाळ्यात एक वारा सुटतो, त्याला 'एकशेवीस दिवसांचा वारा' म्हणतात, आणि तो खरोखर तेवढे दिवस धूळ उडवतो. त्या धुळीत रांगा. बाळांच्या तोंडावर ओली फडकी. मी एका तंबूत बसून नोंदी घेत होते आणि प्रत्येक कुटुंब दोन गोष्टी सांगत होतं: मजुरी राहिली आणि घराची अनामत राहिली. इराणात घर भाड्याने घेताना मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवावी लागते, घर सोडताना ती परत मिळते. वर्षानुवर्षांची बचत तीच. दोन दिवसांत निघायचं आहे असं घरमालकाला सांगितलं की तो म्हणतो, नवा भाडेकरू आला की देतो. बहुतेक जण ती तिथेच सोडून आले.

पाकिस्तानात तपशील वेगळे आहेत पण तारखांचा खेळ तोच. तिथे २००६-०७मध्ये नोंदणी कार्डं मिळाली, सुमारे २१ लाख लोकांना. २०१७पासून उरलेल्यांना 'अफगाण नागरिक कार्ड' नावाचं दुसऱ्या दर्जाचं कार्ड. २०२१नंतर आलेल्यांकडे व्हिसा, नाहीतर काहीच नाही. एकाच घरात आजोबांकडे पहिलं, वडिलांकडे दुसरं आणि सुनेकडे तिसरं असू शकतं, आणि प्रत्येकाची हकालपट्टी वेगळ्या दिवशी. झालंही तसंच. ऑक्टोबर २०२३मध्ये जाहीर झालं की काहीच कागद नसलेल्यांनी १ नोव्हेंबरपर्यंत जावं. दुसऱ्या कार्डवाल्यांना ३१ मार्च २०२५ची मुदत मिळाली. पहिल्या कार्डाची मुदत ३० जून २०२५ला संपली, ती फक्त १ सप्टेंबरपर्यंत वाढली. ज्या कायद्याखाली धरपकड होते तो १९४६चा परकीय नागरिक कायदा, फाळणीआधीचा. २०२५मध्ये नवा कायदा येईपर्यंत भारतातही तोच चालू होता. पाकिस्तानचा १९५१चा नागरिकत्व कायदा तिथे जन्मलेल्याला नागरिक मानतो, पण कराचीत जन्मलेल्या अफगाण पोराला ते नागरिकत्व प्रत्यक्षात मिळत नाही. खोटी कार्डं निघतात ती या दोन कायद्यांच्या फटीतून. १९८५मध्ये मासिकाच्या मुखपृष्ठावर आलेली ती हिरव्या डोळ्यांची मुलगी तुम्हाला आठवत असेल, शरबत गुला. २०१६मध्ये पेशावरला तिला खोट्या ओळखपत्रासाठी अटक झाली आणि अफगाणिस्तानात पाठवण्यात आलं. तोवर ती पाकिस्तानात कित्येक वर्षं संसार करत होती.

पाकिस्तान-अफगाण सीमेवरच्या तोरखमच्या नाक्यावर ट्रक येतात त्यांवर घरांचे वासे, दारं, खिडक्या लादलेल्या असतात. पुढे घर बांधायला लाकूड विकत घेता येणार नाही म्हणून लोक राहतं घर स्वतःच उतरवून सोबत नेतात. २०२३मध्ये रोख मात्र माणशी ५०,००० पाकिस्तानी रुपयांपेक्षा जास्त नेऊ देत नव्हते. चाळीस वर्षांचं दुकान विकलेल्या माणसाने काय करायचं?

"मग आपल्या देशात जायला काय हरकत आहे" हे तुम्ही विचारलेलं नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारेलच. ज्यांना 'परत' पाठवतात त्यांतल्या पुष्कळांनी अफगाणिस्तान कधी पाहिलेलाच नाही. गाव म्हणजे आजोबांच्या बोलण्यातलं नाव. जमीन असलीच तर चुलत्यांनी कसायला घेतलेली. तिथलं ओळखपत्र म्हणजे तजकिरा. तो काढायला वडील, भाऊ, काका अशा पुरुष नातलगाचा तजकिरा लागतो, म्हणून विधवा बाई आणि तिची मुलं आपल्याच देशात पुन्हा विनाकागद. मुलींना सहावीनंतर शाळा नाही. विद्यापीठाचं दार डिसेंबर २०२२मध्ये बंद झालं. इस्लाम कलाच्या तंबूत एक सोळा वर्षांची मुलगी माझ्याशी तेहरानी उच्चारात बोलत होती. अकरावीत होती, गणितात पहिली. तिने विचारलं, "इथे अकरावी कुठे आहे?" तिचे वडील बाजूला उभे होते, ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्यासोबत काम करणाऱ्या अफगाण सहकारी बाईला त्या सुमाराला घरी बसवलेलं होतं. मी परदेशी म्हणून तंबूत बसू शकत होते. मी त्या मुलीला खरं तेच सांगितलं. ते सांगायला मला हवा होता त्याहून जास्त वेळ लागला.

२०२५ या एका वर्षात इराण आणि पाकिस्तान मिळून २० लाखांहून अधिक माणसं अशी परतली. त्यांत तुमच्या सोसायटीतल्या मुलाचे वडील आणि भाऊ आहेत. ते आत्ता बहुधा हेरातच्या मजूर नाक्यावर पहाटे उभे राहत असतील, शंभर जणांत, जिथे दहा जणांना काम मिळतं. हातावर पोट होतं तेव्हा निदान हाताला काम होतं. त्या मुलाचं पुण्यातलं भाडं आजवर कुठून येत होतं हेही आता तुमच्या लक्षात आलं असेल. शिष्यवृत्ती असली तरी तेहरानच्या विटांवरून थोडे पैसे हवाल्याने येत असणार. ते थांबले आहेत. यंदा भाडं उशिरा आलं तर कारण हे असू शकतं.

आणि त्याची स्वतःचीही एक तारीख आहे. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे विद्यार्थी म्हणून आलेला अफगाण मुलगा विद्यार्थी आहे तोवरच ठीक. २५ ऑगस्ट २०२१ला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले तेव्हा कोरोनात घरी गेलेले पुण्याचे कितीतरी विद्यार्थी तिकडेच अडकले. इथे राहिलेल्यांना पासपोर्टची चिंता. दिल्लीचा दूतावास जुन्या सरकारच्या राजदूतांनी नोव्हेंबर २०२३मध्ये कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं, आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नोव्हेंबर २०२४मध्ये तालिबानने आपला माणूस नेमला. ज्याच्या घरच्यांनी जुन्या सरकारात नोकरी केली असेल त्याला त्या दारात पासपोर्ट घेऊन उभं राहणं सोपं नाही.

म्हणून तुम्हाला करता येण्यासारख्या दोन गोष्टी सांगते. घरमालकाला परदेशी भाडेकरूसाठी सरकारी पोर्टलवर माहितीचा फॉर्म (पूर्वी त्याला 'सी फॉर्म' म्हणत) भरावा लागतो आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करावी लागते. हे काम तुमच्या सोसायटीने टाळू नये, वेळेत करावं. घरमालकाने ते टाळलं की व्हिसा वाढवताना अडचण मुलाला येते. आणि व्हिसा वाढवायचा अर्ज विचाराधीन असेल तर त्याची पोच त्याच्याकडे असते. घर सोडायला सांगण्याआधी ती बघायला मागा, कार्यालयात बसवून, सोसायटीच्या फाटकावर चारचौघांत नको. फाटकावर कागद मागितला जाणं म्हणजे काय, हे तो वडिलांकडून लहानपणापासून ऐकत आला आहे.

वडिलांबद्दल विचारायचं असेल तर "परत गेले का तिकडे?" हे विचारू नका. गेले असतील तर ते वाळवंटातून गेले असतील, आणि तो ते तुम्हाला सांगू शकणार नाही. "मजुरी राहिलीय का तिकडे, वही आहे का?" हे विचारलंत तर चालेल. त्यावर काहीतरी करता येतं. तेही जमत नसेल तर दरीत कामावरून आलेल्या माणसाला म्हणतात ते म्हणा: "मांदा नबाशी." थकू नकोस, असा अर्थ. तो "ज़िंदा बाशी" म्हणेल, आणि बहुधा पुढचं आपणहून बोलेल.